श्रेयनामावलीबाहेरचे कलावंत

(खडकी येथे कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. दीडशेहून अधिक वर्षांत येथून बाहेर पडलेल्या मालावर तो घडविणाऱ्या कामगाराचे नाव कधी आले नाही. कारखान्यात हे स्वाभाविक मानले जाते. परंतु कलेच्या क्षेत्रातही हाच न्याय चालतो, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. व्हायोलिन, चेलो यांसारखी तंतुवाद्ये वाजविणाऱ्या वादकांची हकिगत म्हणूनच कामगारांपुढे मांडणे उचित आहे.

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा येथे झाला. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले जाई. मात्र शिकलेल्या हातांना गावात काम नसे. जसा कोकणातला तरुण गिरणीत आला, तसा गोव्यातला वादक मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आला. गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. पुढे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले.

या धंद्यातील श्रमविभागणी पाहण्यासारखी आहे. चाल संगीत दिग्दर्शकाची. पण ती अनेक वाद्यांत विभागून कागदावर उतरविण्याचे काम पुष्कळदा गोव्याच्या संयोजकांकडे असे. वादकाला हजेरीचे पैसे मिळत. तबकडी पुढे लाखांनी खपली, तरी त्या वाढत्या मूल्यात त्याचा वाटा नसे. श्रेयनामावलीत त्याचे नावही नसे.

या चाकोरीतून बाहेर पडण्याचा प्रयत्न गोन्साल्विस यांनी केला. १९५८ साली त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभारला. भारतीय रागांवर आधारलेल्या त्यांच्या रचना चित्रपटातील वादकांनीच वाजविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे गायले. पण एवढा वाद्यवृंद केवळ जिद्दीवर चालत नाही. त्यास कायमचा आर्थिक आधार लागतो आणि तो लाभला नाही. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. १९७७ साली शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव गुंफले. साऱ्या देशाने ते गुणगुणले, आणि बहुतेकांनी ते गमतीचे काल्पनिक पात्र समजले. नाव गाजले, माणूस अज्ञातच राहिला. २०१२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन सादरकर्त्यांना व्यापारी वापरावरील स्वामित्वधनाचा हक्क मिळाला. मात्र व्याख्येला एक परंतुक जोडले गेले. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत देण्याची धंद्यात रीत नाही, तो सादरकर्ता मानला जाणार नाही. आपल्या कामाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्यापुरताच अपवाद. म्हणजे आधी नाव गाळायचे, आणि नाव नाही म्हणून हक्कही नाकारण्यास वाट ठेवायची! अन्यायाची रूढी हाच येथे कायद्याचा आधार होऊ शकतो.

भाकरीचा प्रश्न सुटण्याआधी संगीताची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. कॅटलोनियातील थोर चेलोवादक पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) यांचे उत्तर कृतीचे होते. राजेरजवाड्यांपुढे वाजविलेल्या या कलावंताने १९२६ साली बार्सिलोनात कामगारांची संगीतसंस्था सुरू केली. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी वेतन असलेल्यांनाच सभासदत्व, आणि वर्गणी नाममात्र. कासाल्स यांना धर्मादाय नको होता. म्हणून मोफत प्रवेशिका न देता त्यांनी कामगाराला संस्थेचा सभासद केले. फ्रँकोच्या विजयानंतर कासाल्स देशत्यागी झाले. १९४५ नंतर, त्या राजवटीस मान्यता देणाऱ्या देशांत जाहीर वादन न करण्याचे व्रत त्यांनी घेतले आणि मोठ्या प्राप्तीवर पाणी सोडले.

या दोन चरित्रांतला फरक प्रतिभेपुरता नाही. एकापाशी संघटित श्रोता होता, दुसऱ्यापाशी केवळ बाजार. तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत: प्रत्येक वादकाचे नाव श्रेयनामावलीत यावे, ते परंतुक रद्द व्हावे आणि स्वामित्वधनाची वाटणी सामुदायिक कराराने ठरावी. चौथी गोष्ट मात्र सरकारकडे मागण्याची नाही. कामगार संघटनांनी आपल्या वर्गणीतून वादकांना सन्मानाने बोलवावे, योग्य मोबदला द्यावा आणि प्रत्येकाचे नाव फलकावर लिहावे. आरंभ खडकीतूनही होऊ शकेल.