भीती वाटली ती कोणत्या ओळीला?



हे संमेलन बंगळुरूच्या बनशंकरीत भरले आहे. या परिसराला जिचे नाव मिळाले ती देवी मूळची बदामीची. इथले मंदिर १९१५ सालचे. राहुकाळ एरवी शुभकार्याला वर्ज्य. पण इथे नेमक्या त्याच वेळी भाविक लिंबाच्या सालीचे दिवे करून देवीपुढे लावतात. ज्या घटकेची धास्ती, त्याच घटकेला समोर उभे राहायचे, अशी ही रीत. भयकथा वर्गात कशी शिकवावी याचा विचार करायला जमलेल्या शिक्षकांना ती मुद्दाम सांगावीशी वाटते.

बंगळुरूकडे तर स्वतःची भयकथाही आहे. १९९०च्या दशकात इथल्या वस्त्यांत एक अफवा पसरली. रात्री भूत दारावर थाप मारते, घरातल्याच कुणाच्या आवाजात हाक देते आणि दार उघडणारा दगावतो. त्यावर लोकांनी तोडगा काढला: दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवायचे. भूत ते वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी येते आणि पुन्हा तेच वाचते. २०१८च्या ‘स्त्री’ या हिंदी चित्रपटाचे बीज याच कथेत आहे. या चार ओळींत कथेची किती सामग्री आहे! उंबरठा हे स्थळ, रात्र हा काळ, ओळखीचा आवाज हा फसवा दिलासा आणि रोज पुढे ढकलला जाणारा शेवट.

आता तीच थाप डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या ‘द मंकीज पॉ’ या १९०२ सालच्या इंग्रजी कथेत ऐकावी. हिंदुस्थानातून आलेला माकडाचा वाळका पंजा तीन इच्छा पुरवतो. म्हातारा बाप दोनशे पौंड मागतो. पैसे मिळतात, पण कारखान्यातल्या यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. आईच्या हट्टाखातर तो दुसरी इच्छा करतो: मुलगा जिवंत होऊ दे. बराच वेळ काहीच घडत नाही, कारण स्मशानभूमी दोन मैलांवर आहे. मग दारावर थाप पडते. आई कडी काढायला धावते, वरच्या कडीला तिचा हात पोहोचत नाही. इकडे बाप अंधारात तो पंजा चाचपडत असतो. तिसरी इच्छा कोणती, हे लेखक सांगत नाही. दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते.

ही कथा वाचून अंगावर काटा आलेल्या मुलाला ‘वातावरणनिर्मिती म्हणजे काय?’ असे विचारू नये. त्याला विचारावे, भीती वाटली ती कोणत्या ओळीला? पेन्सिलीने खूण करायला लावावी. चाळीस मुलांच्या खुणा जिथे एकत्र येतात तिथे लेखकाचे कसब सापडते. मग प्रयोग करावेत. दोन मैलांचे अंतर काढून टाकले तर? कडी हाताशी असती तर? दाराबाहेर मुलगा दाखवला असता तर? शेवटी पहिल्या पानावर परत जावे. तिथे बापलेक बुद्धिबळ खेळत आहेत आणि बाप आपला राजा विनाकारण धोक्यात घालतो आहे. पूर्वसूचना म्हणजे काय, हे मुले त्या पटावर स्वतः शोधून काढतात. व्याख्या फळ्यावर त्यानंतर यावी.

निवेदकाचा धडा एडगर अॅलन पो यांच्या १८४३च्या ‘द टेल-टेल हार्ट’मध्ये आहे. खून करणारा माणूस आपण वेडे नाही हे पुन्हा पुन्हा पटवतो, आणि त्या पटवण्यातूनच वाचकाचा त्याच्यावरचा विश्वास उडत जातो. सांगणारा आणि लिहिणारा वेगळा, ही गोष्ट इतक्या लख्खपणे दाखवणारी कथा विरळा.

मराठीतही या वाटेवर भरपूर शिदोरी आहे. नारायण धारपांनी अमानवी शक्ती आणि त्यांच्याशी झुंजणारा ‘समर्थ’ वाचकांच्या दोन पिढ्यांना दिला. रत्नाकर मतकरींनी गूढकथेत माणसाच्या मनातला अंधार आणला. आणि कर्नाटकातल्या मराठी माणसाने जी. ए. कुलकर्णींना विसरून चालणार नाही. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या जीएंच्या ‘पिंगळावेळ’ या संग्रहात ‘स्वामी’ ही कथा आहे. एका वाटसरूला मठात नेऊन स्वामी म्हणून कोंडले जाते. सगळ्या सोयी असतात, बाहेरची वाट तेवढी नसते. भूत नाही, रक्त नाही. स्थळच आकसत जाते आणि वाचकाचा श्वास कोंडतो. स्थळ हे कथेतले पात्र कसे होते, हे याहून चांगले कुठे दाखवणार?

एक शंका पालक नेहमी विचारतात, यातून अंधश्रद्धा वाढणार नाही का? शंका रास्त आहे. महाराष्ट्राने २०१३ साली आणि कर्नाटकाने २०१७ साली अघोरी प्रथांविरुद्ध कायदे केले, ते उगाच नव्हे. पण भीती शब्दांनी कशी रचली जाते, हे ज्या मुलाने ओळीओळीने उलगडून पाहिले आहे, त्याला भीती विकणाऱ्या भोंदूची भाषाही ओळखता येते. भयकथेचा डोळस अभ्यास हा विवेकाचाच अभ्यास आहे, अशी स्वागत समितीची ठाम धारणा आहे.

बंगळुरूतली बरीच मराठी मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत कन्नड, इंग्रजी वाचतात. जाडजूड कादंबरी त्यांच्या हाती टिकत नाही. एका तासात संपणारी भयकथा टिकते. तेव्हा शिक्षकहो, या संमेलनातून परतताना प्रत्येकाने एक मराठी भयकथा निवडावी, ती येत्या महिन्यात वर्गात मोठ्याने वाचावी आणि मुलांच्या हाती पेन्सिल द्यावी. त्यांनी कुठे खुणा केल्या ते लिहून स्वागत समितीकडे पाठवावे.