डॅन्यूबच्या काठी एक दिवस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले भाषण)



युरोपात काय पाहिले ते मुलांना सांगा, अशी चिटणीस साहेबांची आज्ञा आहे. सगळे सांगत बसलो तर जेवणाची वेळ टळेल. म्हणून मी एकाच शहरातला एकच दिवस निवडला आहे. ते शहर म्हणजे हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. माझा मावसभाऊ व्हिएन्नात नोकरीला असतो. मे महिन्याच्या सुटीत त्याच्याकडे गेलो असता एक दिवस मोकळा मिळाला. व्हिएन्नाहून आगगाडीने बुडापेस्ट तीन तासांच्या आत येते आणि व्हिसाही तोच चालतो. सकाळी निघालो, रात्री परतलो.

भूगोलाच्या पुस्तकात डॅन्यूब नदी आपण वाचतो. सुमारे २८५० किलोमीटर लांबीची ही नदी व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड अशा चार राजधान्यांना लागून वाहते. बुडापेस्टमध्ये ती शहराच्या मधोमध आहे. पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ही दोन गावे आणि जुना बुडा मिळून १८७३ साली एक शहर झाले. तेथील लोक ‘पेश्त’ म्हणतात. त्यांच्या लिपीतल्या एस या अक्षराचा उच्चार श होतो.

स्टेशनवर उतरल्यावर प्रवासी राजवाड्याकडे धावतात. मी पडलो मास्तर! आधी एक शाळा पाहायला गेलो. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर झाडांनी भरलेल्या रस्त्यावर ल्युथेरन ख्रिस्ती पंथाची एक माध्यमिक शाळा आहे. आत जाण्याचे कारण नव्हते, बाहेरूनच पाहिली. या शाळेत लास्लो राट्स नावाचे गणिताचे शिक्षक होते. युजीन विग्नर आणि जॉन फॉन नॉयमन हे त्यांचे विद्यार्थी. विग्नर यांना १९६३ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. नॉयमन यांचे नाव संगणकाच्या इतिहासात पहिल्या ओळीत येते. दोघेही ज्यू घरांतले, शाळा ख्रिस्ती लोकांची. प्रवेशाच्या आड ते आले नाही. राट्स मास्तर शाळकरी मुलांसाठी निघणाऱ्या एका गणिताच्या मासिकाचे अनेक वर्षे संपादक होते. मासिकात अवघड उदाहरणे छापायची, मुलांनी ती घरी सोडवून पाठवायची, चांगली उत्तरे पाठविणाऱ्यांची नावे छापून यायची, एवढीच ती योजना. १८९४ साली सुरू झालेले ते मासिक आजही निघते. पालकांना मी हे मुद्दाम सांगतो आहे. शिकवणीच्या फीचा विषय निघाला की मला ते मासिक आठवते.

तेथून भूमिगत रेल्वेने मध्यवस्तीत आलो. १८९६ साली सुरू झालेली ही गाडी युरोप खंडाच्या भूमीवरील पहिली भूमिगत रेल्वे होय. लंडनची त्याआधीची, १८६३ ची. पण लंडन पडले बेटावर. स्टेशन इतके उथळ की थोड्याच पायऱ्या उतरल्या की फलाट लागतो.

डोहानी रस्त्यावर ज्यू लोकांचे मोठे प्रार्थनास्थळ आहे. ते १८५९ साली बांधून झाले. दोन उंच मनोरे, त्यांवर घुमट, भिंतीवर अरबी धाटणीचे नक्षीकाम. दुरून पाहणाऱ्याला मशीदच वाटावी. या ज्यू जमातीच्या कचेरीत इग्नाझ गोल्डझिहर नावाचा विद्वान सुमारे तीस वर्षे चिटणीस म्हणून राबला. हदीस आणि फिक्ह या विषयांवरील त्याच्या ग्रंथांशिवाय युरोपातील इस्लामचा अभ्यास पुढे सरकत नाही. त्याची सगळीच मते आपल्याला पटतील असे नव्हे, आणि आपल्या उलेमांनी त्यांना उत्तरेही दिली आहेत. परंतु १८७३-७४ मध्ये कैरोच्या अल्-अझहरमध्ये बसून तो शिकला आणि विद्यापीठाने पगारी जागा दिली नाही तेव्हा कारकुनी करून रात्री लिहीत राहिला, हे मान्य करावेच लागेल. त्याचे एक विद्यार्थी ग्युला गेर्मानुस हे रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ साली शांतिनिकेतनात इस्लामी विद्या शिकवायला आले. भारतातच त्यांनी इस्लाम स्वीकारला, अब्दुल करीम हे नाव घेतले, पुढे हजही केला. १९७९ साली बुडापेस्टमध्येच ते वारले.

दुपारी नदीकाठच्या एका जुन्या चर्चमध्ये गेलो. तुर्की अमलात या इमारतीची मशीद झाली होती. अंमल गेला, पुन्हा चर्च झाले. पण आतल्या भिंतीतला मेहराब अजून तसाच आहे. मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा होतो. शेजारी एक म्हातारी बाई मेणबत्ती लावत होती.

जेवणाचे आमचे लोक नेहमी विचारतात. मांस खाल्ले नाही. लांगोश म्हणून एक पदार्थ मिळतो. तळलेली जाड पुरी म्हणा, वर लसूण. कशात तळली आहे ते विचारून घेतली. लाल मिरचीशिवाय या लोकांचे पान हलत नाही, हे पाहून बरे वाटले. मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली, त्यांच्याकडे तुर्कांच्या मुलखातून आली, म्हणून पूर्वी तिला ते तुर्की मिरी म्हणत. खिशाला त्यांच्या भाषेत ‘झेब’ म्हणतात. आपण उर्दूत जेब म्हणतो तोच हा शब्द. अरबीतून तुर्कीत आणि तुर्कीतून तिकडे गेला.

आता पुलाविषयी. खाडी ओलांडायला तरीवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. बुडा आणि पेस्ट यांच्यामध्ये पूर्वी होड्यांवर फळ्या टाकून केलेला पूल असे. हिवाळ्यात बर्फ वाहू लागले की तो काढून घ्यावा लागे. काउंट सेचेनी यांच्या खटपटीने १८४९ साली साखळदंडांचा कायमचा पूल उघडला. त्यावरून जाताना सरदारांनाही टोल द्यावा लागे. एरवी कर माफ असलेल्या त्या वर्गाला हे नवीनच होते. याच सेचेनींनी १८२५ मध्ये देशाच्या विद्वत्सभेसाठी आपल्या जमिनीचे वर्षभराचे उत्पन्न देऊ केले. त्या सभेची इमारत पुलाच्या पेस्टकडील टोकाला उभी आहे. पुलावर चार दगडी सिंह आहेत. त्यांना जीभच नाही अशी अफवा आहे. जीभ आहे, खालून दिसत नाही एवढेच. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले पूल उडविले, त्यात हाही गेला. बरोबर शंभर वर्षे पुरी झाली त्या साली, १९४९ मध्ये, तो पुन्हा उघडला.

पूल ओलांडून बुडाच्या किल्ल्यावर चढलो. राजवाडा, चर्च, गर्दी, फोटो हे सर्व आलेच. त्यावर वेळ घालवीत नाही. किल्ल्याच्या कडेला झाडाखाली एक दगडी थडगे आहे, वर दगडी पगडी. बुडाचा शेवटचा तुर्की सुभेदार अब्दुर्रहमान अब्दी पाशा २ सप्टेंबर १६८६ रोजी सत्तर वर्षांचा असताना येथे लढताना पडला. ‘तो शूर शत्रू होता, त्याला शांती लाभो’ अशा अर्थाचा मजकूर दगडावर आहे. दगड बसविला कोणी? त्याच लढाईत समोरच्या बाजूने पडलेल्या एका हंगेरियनाच्या वंशजांनी, १९३२ साली.

तेथून उतरून नदीकाठाने गुलबाबांच्या दर्ग्यावर गेलो. फरसबंदीची चढण चांगलीच दमवते. बक्ताशी सिलसिल्याचे हे दरवेश १५४१ साली बुडा तुर्कांच्या ताब्यात आले त्याच वर्षी वारले. आठ बाजूंची छोटी कबर-इमारत, भोवती गुलाब. तुर्क गेल्यावर पाद्र्यांनी तिचे प्रार्थनाघर केले होते. पुढे ती राष्ट्रीय वास्तू ठरली आणि २०१८ साली नीट दुरुस्त झाली. मी फातिहा पढलो.

हे फोटो नववीच्या वर्गात दाखविले तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, तेथे आपले राज्य होते ना?” वर्गातल्या बऱ्याच मुलांचे चेहरे खुलले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देतो. नाही, ते आपले राज्य नव्हते. ते तुर्की सुलतानाचे राज्य होते. १५२६ साली मोहाचच्या लढाईत त्याने हंगेरीचे सैन्य बुडविले. वीस वर्षांचा राजा पळताना ओढ्यात मेला. त्याच साली पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीला मारले, आणि तेथे दोन्ही बाजूंचे राजे मुसलमानच होते. त्या वेळी आपले वाडवडील या कोकणात भात लावीत होते, गलबते हाकीत होते. त्यांना यातले काहीच मिळाले नाही. मोहाचनंतर जी गावे जळाली ती जाळणाऱ्यांच्या खात्यात मी माझे नाव का लिहू? आणि १६८६ मध्ये बुडा परत जिंकणाऱ्यांनी आतल्या मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली, तिचे उत्तर त्या म्हाताऱ्या बाईकडे मी का मागू? गुलबाबांसाठी फातिहा पढलो ती ते राज्यकर्त्यांबरोबर आले म्हणून नव्हे. इतिहास शिकविताना ‘आपले’ हा शब्द मी वर्गात फार जपून वापरतो. काही पालकांना ते रुचत नाही, हे मला ठाऊक आहे.

संध्याकाळी ट्रामने पेस्टच्या बाजूला आलो. पार्लमेंटची इमारत फार देखणी आहे. घुमटाची उंची ९६ मीटर, कारण हंगेरियन लोक या भूमीवर आले ते साल ८९६ मानतात. तेथून खाली नदीच्या कठड्यावर काही पावले चालले की लोखंडी बुटांची रांग लागते. साठ जोड आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथील फॅसिस्ट पक्षाच्या टोळ्यांनी ज्यू स्त्री-पुरुषांना या काठावर उभे करून गोळ्या घातल्या, म्हणजे प्रेते आपोआप नदीत पडावीत. त्याआधी बूट काढायला लावीत. बूट विकता येत. गोळ्या झाडणारे परके नव्हते. ते याच शहरातले, हीच भाषा बोलणारे होते. त्याच वर्षी मे ते जुलैमध्ये बाहेरगावच्या चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून, बहुतेकांना औशविट्झला, पाठविण्यात आले होते. तेही एका दिवसात झाले नाही. १९२० मध्येच कायद्याने विद्यापीठात ज्यू मुलांच्या जागा मर्यादित केल्या होत्या. विग्नर आणि नॉयमन अमेरिकेला गेले. राट्स मास्तरांचे इतर ज्यू विद्यार्थी कोठे गेले असतील, हा प्रश्न मला त्या काठावर पडला.

बूट २००५ साली बसविले आहेत. पुरुषांचे आहेत, टाचेचे बायकांचे आहेत, आणि मध्ये काही लहान मुलांचे, आपल्या दुसरीच्या मुलाला होतील एवढे. एकात कोणी ताजे फूल ठेवले होते. पाठीमागून ट्राम जात होत्या, कामावरून सुटलेली माणसे घरी चालली होती. पावणेआठची गाडी होती. भूमिगत स्टेशन तेथून जवळच आहे.