शाळेंतील परकीय भाषा

माध्यमिक शाळेंतील मुलांना परकीय भाषा शिकवावी कीं नाहीं, हा वाद आतां बहुतेक मिटला आहे. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें माध्यमिक वर्गांसाठीं कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषांचीं नांवें उदाहरणादाखल घेतलीं असून, मुलांना जगांतील संस्कृतींची ओळख व्हावी हा हेतुही त्याबरोबर नमूद केला आहे. मुंबईच्या आसपासच्या कित्येक शाळांत फ्रेंच किंवा जर्मन पूर्वींपासूनच शिकविली जाते. प्रश्न उरतो तो निराळाच. विद्यार्थी ती भाषा कशासाठीं घेतो, आणि घेतलेली भाषा त्याच्यापाशीं किती दिवस टिकते?

खरें बोलावयाचें तर पुष्कळ घरांतून हा विषय गुणांच्या हिशेबानें निवडला जातो. संस्कृतपेक्षां सोपा कीं अवघड, पैकीच्या पैकी मिळतात कीं नाहीं, एवढीच चौकशी होते. मुलगा क्रियापदांचीं रूपें घोकतो, पॅरिसच्या मनोऱ्यावर दहा ओळी लिहितो, आणि दहावीची परीक्षा संपली कीं वही रद्दीवाल्याच्या तराजूंत पडते. दोन-तीन वर्षांच्या श्रमांतून एकही फ्रेंच माणूस त्याच्या ओळखीचा होत नाहीं, पुस्तकांतलासुद्धां नाहीं. हें नुकसान गुणपत्रिकेंत दिसत नाहीं, म्हणून त्याची दखलही कोणी घेत नाहीं.

नालासोपाऱ्यासारख्या गांवीं वाढणाऱ्या मुलाच्या बाबतींत तर हें विशेषच खटकतें. कारण हें गांव म्हणजे जुनें शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक भाषेंतल्या ‘पेरिप्लस’ नांवाच्या दर्यावर्दी मार्गदर्शिकेंत या बंदराचें नांव आहे. पुढें अरब भूगोललेखकांनीं त्याला ‘सुबारा’ म्हटलें. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरून बौद्ध स्तूप उजेडांत आणला, आणि त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्यांना येथें मिळाला. हे पंडित आपलें लेखन गुजराथींत करीत आणि त्याचें इंग्रजी ब्यूलरसारखे विद्वान करीत. तरीही हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें त्यांना सन्मान्य पदवी दिली. परकीयांशीं विद्येचा व्यवहार करण्यासाठीं स्वतःची भाषा टाकावी लागत नाहीं, याचें याहून जवळचें उदाहरण सोपाऱ्याच्या मुलाला कोठें मिळणार?

आपल्याकडे परकीय भाषा बहुधा इंग्रजीच्या आधारानें शिकवितात, आणि तेथेंच निम्मी अडचण उत्पन्न होते. फ्रेंचमध्यें जवळच्या माणसाला ‘तू’ व परक्याला ‘व्हू’ म्हणतात; जर्मनमध्यें तोच भेद ‘दू’ आणि ‘झी’ असा आहे. आजच्या इंग्रजींत दोहोंना शब्द एकच, त्यामुळें शिक्षकाला तासभर विवरण करावें लागतें. मराठी मुलाला ‘अरे तूं’ आणि ‘अहो तुम्ही’ एवढें म्हटलें कीं पुरे. लिंगाचेंही तसेंच. निर्जीव वस्तूला लिंग असतें हें ऐकून इंग्रज विद्यार्थी चक्रावतो. मराठी मुलाच्या घरांत खुर्ची ती, पंखा तो आणि कपाट तें असतें. जर्मनमध्यें मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत. मग फ्रेंचांचा चंद्र स्त्रीलिंगी कां, आणि जर्मनांचा सूर्य स्त्रीलिंगी कां, असें कुतूहल वर्गांत आपोआप उत्पन्न होतें. जपानी वाक्यांत क्रियापद मराठीप्रमाणें शेवटीं येतें. एवढें भांडवल मुलाच्या जिभेवर आयतें असतांना, तें बाजूस ठेवून त्याला दुसऱ्याच परकीय भाषेच्या दारानें आंत नेणें हा उलटा प्रकार होय.

शब्दांचें भांडवल तर याहून मोठें. वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. ते गेले, परंतु पाव, चावी, बादली, पगार, लिलाव हे त्यांचे शब्द मराठी घरांत राहिले. ‘पगार’ हा शब्द मूळ भाषेंत ‘पैसे देणें’ असें क्रियापद आहे. आपल्याकडे तें घेणाऱ्याच्या हातीं पडलें! ‘तुरुंग’ हा शब्द ‘त्रोंकु’ म्हणजे झाडाचें खोड यापासून आला. ज्या लांकडांत कैद्याचे पाय अडकवीत, त्याला पोर्तुगीज खोड म्हणत. आणि आपले लोक त्याच वस्तूला खोडा म्हणत. दोन दूरच्या समाजांना एकाच वस्तूचें नांव एकाच रीतीनें सुचलें, हें ज्या मुलाला उमगलें त्याला संस्कृतींची ओळख म्हणजे काय तें निराळें सांगावें लागणार नाहीं. गोव्याचे मॉन्सिन्योर दालगादो यांनीं आशियांतील भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश १९१३ मध्यें प्रसिद्ध केला.

उलट दिशेनेंही असा प्रवास झाला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ मध्यें गोव्यास आला. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं जुळते, असें त्यानें १५८३ मध्यें आपल्या भावास कळविलें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण लोकांना पुराणाची गोडी आहे हें ओळखून त्यानें ओवी आपलीशी केली आणि १६१६ मध्यें ‘ख्रिस्तपुराण’ छापून काढलें. केवळ रूपें घोकून ओवी साधत नाहीं. ज्या लोकांची ती आहे त्यांच्यांत बसावें लागतें.

नालासोपाऱ्याहून वसई रोड हें लगतचेंच स्थानक. तेथून किल्ल्यांत गेलें म्हणजे पडक्या चर्चांतून पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा दिसतात. सहलीस आलेलीं मुलें त्यांवरून चालत जातात. चिमाजी आप्पांच्या मोहिमेची कथा त्यांना ठाऊक असते. त्याच युद्धाची दुसरी बाजू पोर्तुगीज कागदांत आहे. गोव्याच्या दफ्तरखान्याचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं तीं दफ्तरें वाचून मराठ्यांच्या इतिहासाचीं किती तरी पानें भरून काढलीं. हें काम पुढें चालवावयाचें तर पोर्तुगीज वाचणारीं माणसें हवींत, आणि तीं ज्यांच्या गांवाचा तो इतिहास आहे त्यांच्यांतूनच निघालीं तर अधिक बरें. धोरणाच्या यादींत पोर्तुगीज आहेच. पण शाळेनें तो विषय काढीपर्यंत थांबण्याचेंही कारण नाहीं. एखाद्या शिक्षकानें आठ-दहा मुलांना एका रविवारीं किल्ल्यांत न्यावें, एका शिळेवरचीं अक्षरें जशींच्या तशीं वहींत उतरवून घ्यावयास सांगावें आणि कोश उघडून बसावें. पहिल्या दिवशीं मृताचें नांव आणि साल एवढेंच लागेल.