सुई टोचण्याआधी रक्ताचा थेंब काचेवर घ्या

(जिल्हा बैठकीत एका पशुवैद्यकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पशुवैद्यक आहे. पण माझे काम गोठ्यात कमी आणि सूक्ष्मदर्शकापुढे जास्त. आजारी जनावराचे रक्त काचेवर पसरायचे, मेलेल्या जनावराच्या काळजाचा, फुप्फुसाचा, आतड्याचा तुकडा रंगवून पाहायचा आणि त्यातल्या पेशींवरून रोग कोणता ते सांगायचे. या शास्त्राला विकृतिशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण त्याचा संबंध थेट तुमच्या दावणीशी आहे. मी आज एकच गोष्ट सांगायला उभा आहे. जनावर तापले, तर सुई टोचण्याआधी त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला गेला पाहिजे. तसा आग्रह तुम्ही धरला पाहिजे.

आधी हिशेब पाहू. संकरित गाय तापली. वैरण टाकली, रवंथ बंद, दूध निम्म्यावर. पहिल्या दिवशी कोणीतरी येऊन तापाची सुई दिली. दुसऱ्या दिवशी जंतूंवरची दिली. तिसऱ्या दिवशी सलाइन आणि ताकदीची बाटली. पाचव्या-सहाव्या दिवशी गाय गेली. औषधाचे पैसे गेले, दूध गेले, लाखाच्या घरातली गाय गेली आणि डोक्यावरचे कर्ज तेवढे राहिले. आता मला सांगा, या सगळ्यात गायीला रोग कोणता होता हे कोणी ठरवले? कोणीच नाही. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे.

आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे तीन मोठे ताप आहेत. थायलेरिया, बॅबेसिया आणि अनाप्लाझ्मा. तिन्हींत ताप १०५-१०६ अंशांवर जातो, तिन्हींत गाय खाणे सोडते, तिन्हींत डोळ्याची आतली कड आधी फिकी आणि पुढे बऱ्याचदा पिवळी पडते. गोठ्याच्या दारात उभे राहून पाहिले तर तिन्ही सारखेच दिसू शकतात. पण तिघांची औषधे वेगळी. थायलेरियाला बुपारव्हाक्वोन लागते. बॅबेसियाला डायमिनाझीन चालते, ते थायलेरियाला चालत नाही. अनाप्लाझ्माला टेट्रासायक्लिन गटातले औषध लागते, तिथे डायमिनाझीनचा उपयोग नाही. म्हणजे रोग न ओळखता औषध दिले तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! औषध महाग असो की स्वस्त, चुकीच्या रोगावर दिले तर ते वायाच जाते. वर दोन दिवस जातात. थायलेरियात हे दोन दिवसच गायीचा जीव ठरवतात.

आता हे तिघे काचेवर कसे ओळखू येतात ते ऐका.

रक्त डोळ्याला लाल पाण्यासारखे दिसते, पण त्यात पेशी असतात. गायीच्या एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान थेंबात, ५० लाख ते एक कोटी तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी तेवढ्याच रक्तात चार हजार ते बारा हजार. तांबडी पेशी प्राणवायू वाहते, पांढरी पेशी राखण करते. बॅबेसिया तांबड्या पेशीत शिरतो. त्याची एक जात पेशीत जोडीने बसलेली दिसते, दोन नासपती देठाशी जुळवून ठेवाव्यात तशी. वाढ झाली की तो पेशी फोडून बाहेर पडतो. फुटलेल्या पेशींचा लाल रंग लघवीतून येतो, म्हणून गाय कॉफीच्या रंगाची लघवी करते. अनाप्लाझ्मा हा तांबड्या पेशीच्या अगदी कडेला गडद टिंबासारखा दिसतो. यात पेशी शरीर स्वतःच प्लीहेत मोडून काढते. म्हणून गाय पांढरीफटक आणि पिवळी पडते, पण लघवी लाल होत नाही.

थायलेरियाची तऱ्हा निराळी. तो आधी राखणदारालाच फोडतो. गोचिडाच्या लाळेतून आत आला की तो पांढऱ्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीला वाढायला लावतो. पेशी दुभंगली की तोही दुभंगतो, दोन्ही पेशींत वाटून जातो. कर्करोगात पेशी बेबंद वाढतात तसाच हा प्रकार. म्हणून गायीच्या खांद्यापुढची गाठ सुजून लिंबाएवढी, कधी त्याहूनही मोठी होते. त्या गाठीत बारीक सुई घालून थेंबभर द्रव काचेवर घेतला आणि रंगवला, की पांढऱ्या पेशीत निळसर पुंजके दिसतात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखले जातात. रक्तातल्या तांबड्या पेशींत हा जंतू नंतर येतो. म्हणून सुरुवातीला रक्ताबरोबर गाठीचाही नमुना घ्यावा लागतो. गाठ सुजली आहे हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येते? धार काढणाऱ्या आणि वैरण टाकणाऱ्या आमच्या मायबहिणींच्या. तेव्हा मायबहिणींनो, गायीच्या खांद्यापुढे हात फिरवून पाहण्याची सवय लावून घ्या. डॉक्टर आल्यावर ते आधी सांगा.

देशी गायीला हा रोग सहसा एवढा जड जात नाही. संकरित गायीला जातो. दूध वाढवायला आपण संकरित गाय आणली, पण तिला या मातीतल्या गोचिडाची सवय नाही हे कोणी फारसे सांगितले नाही. हाच अनुभव अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी घेतला होता. दक्षिणेकडची जनावरे उत्तरेत नेली की ती धडधाकट राहत आणि उत्तरेची मरत. हा गोचिडाचा प्रताप आहे, असे तिथले गुराखी म्हणत. शहाणे लोक त्यांना हसत. १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी प्रयोग करून दाखवले की गुराख्यांचे म्हणणे खरे होते. रोग गोचिडामुळेच पसरत होता आणि तो जंतू तांबड्या पेशीत होता. त्याच्याही आधी, १८८० मध्ये, ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाने पंजाबात डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा जंतू पाहिला. ज्याला आपण सर्रा म्हणतो त्याचा तो जंतू. आणि जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. म्हणजे ही विद्या आपल्या दारात येऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. गोठ्यात मात्र ती अजून पुरती शिरली नाही.

दुसरे उदाहरण लाल लघवीचेच. म्हैस व्याली, आणि काही आठवड्यांत लाल लघवी करू लागली. लगेच गोचीड ताप म्हणून सुई दिली जाते. पण व्यालेल्या म्हशीत स्फुरद कमी पडले तरी तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी लाल होते. तिथे जंतूच नाही, तर जंतूवरची सुई काय करणार? तिला स्फुरद द्यावे लागते. एक साधी परीक्षा घरी करता येते. लघवी काचेच्या बाटलीत धरून तासभर हलवू नका. तळाला लाल गाळ बसला आणि वरचे पाणी निवळले, तर ते मूत्रमार्गातून आलेले रक्त. सगळी बाटली एकसारखी लाल-काळी राहिली, तर पेशी फुटल्या आहेत. पुढचे काम काचेचे. रक्तात जंतू आहे की नाही ते ती सांगेल.

तिसरे उदाहरण शेळ्यांचे. शेळी सुकत जाते, जबड्याखाली पाणी साचते, डोळा पांढरा पडतो. पोटातला हिमोंकस नावाचा जंत रक्त पितो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो. हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर. पंचवीस-तीस किलोची शेळी हे किती दिवस सोसणार? तिच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण किती उरले, हे तपासले की कळप वाचवायला किती वेळ हातात आहे ते समजते. कळपातली पहिली शेळी मेली तर तिचे शवविच्छेदन करून घ्या. मेलेली परत येत नाही, पण तिच्यामुळे बाकीच्या वाचतात.

आता एक धोक्याची सूचना. जनावर काल धड होते आणि आज अचानक मरून पडले. पोट फुगले आहे, नाका-गुदातून काळे रक्त येते आणि ते गोठत नाही. हा फाशी रोग असू शकतो. त्याला काळपुळीही म्हणतात. अशा जनावराला कोणीही चाकू लावू नये, कातडे काढू नये, मांस वाटू नये. उघड्या हवेत या जंतूचे बीज तयार होते आणि ते मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. माणसालाही हा रोग होतो. तिथे फक्त पशुवैद्यकाने, काळजी घेऊन, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचे. निळ्या काड्यांसारखे जंतू आणि भोवती गुलाबी वेष्टन दिसले की निदान झाले. प्रेत जाळायचे, किंवा डॉक्टर सांगतील तसे खोल पुरायचे. असा रोग कळवणे २००९ च्या कायद्याने मालकाचे कर्तव्यही आहे. कायद्यासाठी नाही, तर आपल्या पोराबाळांसाठी कळवा.

नमुना कसा घ्यायचा? गावातल्या दोन-तीन तरुणांनी हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. काचपट्टी स्वच्छ, तेलकट बोट न लागलेली हवी. कानाच्या टोकाशी केस काढून, पुसून, कोरडे करून नव्या सुईने टोचावे. पहिला थेंब पुसून टाकावा, दुसरा लहान थेंब काचेच्या एका टोकाला घ्यावा. दुसरी काच तिरपी धरून तो एका झटक्यात पातळ पसरावा. हवेत वाळवावा, आणि माशांपासून जपावा, कारण माशा रक्ताचा थर चाटून खातात. जनावराचे आणि मालकाचे नाव, तारीख पेन्सिलने लिहावी. हे सगळे औषध देण्याआधी. औषध गेल्यावर घेतलेला नमुना पुष्कळदा मुका असतो. शवविच्छेदनातले तुकडे अर्ध्या-एक सेंटिमीटर जाडीचे, दसपट फॉर्मलिनमध्ये ठेवावेत. त्यांना बर्फात गोठवू नये. आणि फॉर्मलिनची बाटली रक्ताच्या काचांजवळ ठेवू नये, तिच्या वाफेने काच नीट रंगत नाही.

सुईबद्दलही बोलतो. एकच सुई दहा जनावरांना टोचली, तर अनाप्लाझ्मा एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. प्रत्येक जनावराला वेगळी सुई मागा. मागायला लाजू नका.

काच सगळेच सांगते असे मात्र नाही. बऱ्या झालेल्या गायीच्या रक्तात थोडे जंतू राहून जातात, ते दिसले म्हणून आजचा ताप त्यांचाच असे नाही. कधी रोग असून पहिल्या काचेत जंतू सापडत नाही. मग दुसरी काच घ्यावी लागते किंवा मोठ्या प्रयोगशाळेची चाचणी करावी लागते. शिवाय गायीचे रक्त माणसासारखे नसते. माणसात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल जास्त, गायीत लिम्फोसाइट जास्त. माणसाच्या मापाने गायीचा अहवाल वाचला तर घोटाळा होतो. म्हणून जनावर पाहणारा आणि काच पाहणारा, दोघांचे म्हणणे जुळले पाहिजे.

हे करणारी माणसे आपल्या राज्यात आहेत. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालये आहेत. २००० साली पशुविज्ञान विद्यापीठ झाले. पुण्यात औंधला रोग अन्वेषणाची प्रयोगशाळा आहे. मग अडते कुठे? अडते ते गोठा आणि काच यांच्या मधल्या वाटेवर. काच घेतली जात नाही, घेतली तर पोचत नाही, पोचली तर उत्तर गाय मेल्यावर येते.

म्हणून या बैठकीतून जाताना चार गोष्टी ठरवा. पहिली, तापलेल्या जनावराला सुई देण्याआधी नमुना घ्यायला सांगायचे. दुसरी, अहवाल लेखी मागायचा आणि जपून ठेवायचा, कारण पाच गायींचे अहवाल एकत्र आले की साऱ्या गावाचा रोग कळतो. तिसरी, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक टेबलावर आहे की कपाटात, आणि तो पाहणारा माणूस नेमला आहे की नाही, हे जाऊन विचारायचे. चौथी, गोठ्याच्या भेगांतला गोचीड मारायचा आणि संकरित जनावरांना थायलेरियाची लस टोचण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचे. ही लस त्याच जंतूने पछाडलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत नेऊन, त्याची धार बोथट करून बनवली आहे.

काचपट्टीची किंमत चहाच्या कपाहून कमी आहे. गायीची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. रोगाचे नाव ठाऊक नसताना पैसे मोजायचे नाहीत, एवढा बाणा धरा. माझे म्हणणे एवढेच होते. आता तुम्ही विचाराल त्याची उत्तरे द्यायला मी इथे बसतो.