आपल्या मातीतला मेटल डिटेक्टर

मंडळी, विट्यात येऊन धातूवर बोलायचं म्हणजे धाडसच. इथली गलाईची माणसं देशभरच्या सराफ बाजारांत बसून सोन्या-चांदीचा टंच काढतात. मी आज ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, त्याला टंच अजिबात कळत नाही.

मेटल डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत वीजप्रवाह फिरू लागतो आणि त्याचं उत्तर यंत्र ऐकतं. चांदी वीज सर्वांत चांगली वाहून नेते, तांबंही जवळपास तितकंच. म्हणून शिवराई हे तांब्याचं नाणं खणखणीत आवाज देतं. शिसं मात्र तांब्याच्या साधारण बारावा हिस्साच वीज वाहतं, त्यामुळे सातवाहनांचं शिशाचं नाणं मंद बोलतं. सोन्याची बारीक अंगठी आणि चुरगळलेला ॲल्युमिनियमचा कागद तर जवळजवळ एकाच आकड्यावर येतात. पडद्यावरच्या आकड्याला कसोटीचा दगड समजू नका.

आता खरी अडचण. आपली जमीन बसाल्टची, काळी असो की मुरमाड. तिच्यात मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. स्वस्त यंत्र नाण्याआधी मातीलाच ओरडतं. जाहिरातीतली खोली आपल्याकडे मिळेलच असं धरू नका. विकत घेताना पहिला प्रश्न खोलीचा नको, ‘ग्राउंड बॅलन्स’, म्हणजे मातीचा आवाज वजा करायची सोय, हाताने जुळवता येतो का, हा हवा. एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारं यंत्र परवडलं तर उत्तम. पल्स इंडक्शनचं यंत्र अशा मातीतही शांत राहतं, पण खिळा की नाणं हे ते नीट सांगत नाही. आणि आपल्या रानात बैलांचे नाल, नांगराचे तुकडे, तारा यांना तोटा नाही.

जुनं यंत्र कमी पडतंय असं वाटलं की लोक थेट नव्याचे पैसे मोजतात. आधी लहान कॉइल लावून पाहा. मोठी कॉइल खोल बघते, पण मातीही जास्त ऐकते आणि शेजारशेजारच्या दोन वस्तूंची गल्लत करते. दुसरा खर्च हातात धरायच्या पिनपॉइंटरचा. त्याने खड्डा वीतभरच राहतो.

पण शोधायचं कुठे? आपल्या शेतात हरवलेली अंगठी शोधा, बेलाशक. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्याशिवाय खोदणं 1958च्या कायद्याने बंद आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर 2013चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. आणि चुकून हंडा लागलाच तर 1878चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. त्या धनाचा मालक कोणी निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसेल, तर ज्याला सापडलं त्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला उरलेला हिस्सा. सरकारला ते घ्यायचं असेल तर भाव कसा ठरतो? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा भाग. म्हणजे इंग्रजांचा हा कायदाही नाण्याकडे मुशीच्याच नजरेनं बघतो!

ती नजर किती महागात पडू शकते ते बघा. 1906मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. एकेक जेमतेम दोन ग्रॅमचं. सगळी मिळून पंचवीस किलोंच्या वर चांदी, एवढाच हिशेब झाला असता. पण त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्याचं चलन जिंकणाऱ्याने आपल्या नावावर केल्याचा एवढा ढळढळीत पुरावा लगडीतून कुणी वाचला असता? एकेक नाणं सुटं बाजारात गेलं असतं तरी हे प्रमाण हाती लागलं नसतं.

म्हणून विटेकरांना एक विनंती. नाणं लागलं तर यंत्र बंद करा, खणणं थांबवा, जागेवरच फोटो काढा, खोली मोजा, गट नंबर लिहा आणि सांगलीला जिल्हाधिकारी कार्यालयात कळवा. माती पुसू नका. तेजाबाची बाटली तर कपाटातच राहू द्या. तुमच्या हाताला तिची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.