कागदाची राखण
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय अशा गंभीर विषयांवर भाषणे होतात. आज आम्ही जो विषय निवडला आहे तो ऐकून काही मंडळींना हसू येईल. विषय आहे व्हिडिओ गेममधील चित्रांच्या उंची छापील प्रतींचा संग्रह आणि त्यांचे जतन. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, सारा जन्म प्राथमिक शाळेत गेलेला. या खेळांतला एकही आम्हांस खेळता येत नाही. तरीही या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आम्हांस आमच्याच एका चुकीने मिळालेला आहे. ती चूक प्रथम सांगतो.

आमचे धाकटे चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कचेरीत काम करतात. त्यांना लहानपणापासून या खेळांचा नाद. पुढे मिळवते झाल्यावर त्या खेळांतील चित्रांच्या प्रती ते परदेशातून मागवू लागले. एका पत्र्याच्या नळीत गुंडाळून आलेले असेच एक चित्र ते आमच्याकडे कोकणात ठेवून दोन वर्षांसाठी परदेशी गेले. चित्र सुंदर होते. दाट अरण्य, मध्ये एक पडका दगडी पूल आणि पुलावर उभी असलेली लहानशी मानवी आकृती. दिवाळीत चिरंजीव परत येणार म्हणून आम्ही ते तसबिरीत बसविण्यास नेले. तयार चौकट थोडी लहान पडत होती. चौकटवाल्याने विचारले, “मास्तर, कडेची ही पांढरी पट्टी उगाच आहे, कापू का?” आम्ही म्हणालो, “कापा.” त्याने ती कापली, आणि चित्र डिंकाने हार्डबोर्डावर घट्ट चिकटवून दिले.

चिरंजीव आले. भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. “बाबा, छान दिसतंय,” एवढेच म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. पुढे दोन दिवसांनी आमच्या सौभाग्यवतींकडून आम्हांस कळले, की त्या पांढऱ्या पट्टीवर शिसपेन्सिलीने चित्रकाराची स्वाक्षरी होती, आणि तीनशे प्रतींपैकी ही एकशेसदतिसावी प्रत असा आकडा होता. आम्ही तत्काळ चौकटवाल्याकडे गेलो. त्याच्या दुकानातील कातरण केव्हाच जळून गेले होते. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? “कापा” म्हणणारे आम्ही होतो. चाळीस वर्षे मुलांना पाटीपुस्तक नीट ठेवण्यास शिकविले, आणि स्वतःच्या मुलाची वस्तू मात्र न विचारता बिघडविली. आमच्या दृष्टीने ते ‘पोरांच्या खेळातले चित्र’ होते, हेच आमच्या चुकीचे मूळ.

त्यानंतर आम्ही चिरंजीवांस विनंती केली, की हा तुमचा नाद काय आहे तो आम्हांस शिकवा. त्यांनी मोठ्या मनाने शिकविला. त्यातील सार आज आपल्यापुढे ठेवतो.

खेळ आणि छापील चित्र यांचा संबंध जुना आहे. आज निन्टेन्डो हे नाव घराघरांतील मुलांस ठाऊक आहे. ही कंपनी १८८९ साली जपानमधील क्योतो शहरी फुसाजिरो यामाउची यांनी काढली, ती हानाफुदा नावाचे पत्ते करण्यासाठी. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड वा फूल आणि त्याची चार पाने, असा अठ्ठेचाळीस पानांचा तो जोड. म्हणजे व्हिडिओ गेमच्या या प्रख्यात घराण्याचा मूळ धंदा कागदावरील चित्रांचाच! आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी एकशेवीस पाने. ती हाताने रंगवून लाखेने झळकविलेली असत. खेळणारे उरले नाहीत तशी ती कलाही लोपत चालली होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती पुन्हा शिकवून घेतली, म्हणून ती आज जिवंत आहे. खेळातले चित्र ते क्षुल्लक, असे त्या उभयतांनी म्हटले असते तर?

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे घरी खेळावयाचे यंत्र निघाले, तेव्हा पडद्यावर चार चौकोनी ठिपक्यांपलीकडे फारसे काही दिसत नसे. १९८०चा पॅक-मॅन म्हणजे तोंड उघडमीट करणारी एक पिवळी चकती. त्या ठिपक्यांत विमान, समुद्र, राक्षस पाहावयाचा तो कशाच्या बळावर? तर पुठ्ठ्याच्या पेटीवर क्लिफ स्पोन यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगविलेल्या चित्राच्या बळावर. मुले पेटीवरचे चित्र पाहून मनाने खेळ पुरा करीत. पुढे जपानमध्ये १९८७ साली ‘फायनल फॅन्टसी’ हा खेळ निघाला. त्यासाठी योशिताका अमानो यांनी काढलेली नाजूक रेषांची चित्रे आज स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहिली जातात. २०१२ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयात या खेळांच्या कलेचे प्रदर्शनही भरले. आपल्या पुण्यातील तरुणांनी २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ काढला, त्यातील चित्रे पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आहेत, हे ऐकून तर आम्हांस फारच आनंद झाला.

आता कोणी विचारील, खेळ संगणकात आहेच, मग कागद कशाला? याचे उत्तर विचार करण्याजोगे आहे. २०२३ साली अमेरिकेतील एका संशोधनात असे आढळले, की २०१०पूर्वी तेथे निघालेल्या खेळांपैकी शेकडा सत्त्याऐंशी खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत. यंत्र जुने होते, कंपनी बुडते, आणि खेळ दिसेनासा होतो. १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरून टाकला. २०१४ साली तो उकरून काढला, तेव्हा त्या ‘कचऱ्यातील’ एक नग स्मिथसोनियनच्या इतिहाससंग्रहालयाने जपून ठेवला. कचरा आणि ठेवा यांत पुष्कळदा तीस वर्षांचेच अंतर असते.

संग्राहक ज्या उंची प्रती घेतात त्या सामान्य पोस्टरांहून निराळ्या. काही स्क्रीन छपाईच्या असतात; आपल्या लग्नपत्रिका जशा छापतात तशाच, पण एकेक रंग स्वतंत्रपणे दाबून. काही जिक्ले नावाच्या पद्धतीच्या, म्हणजे टिकाऊ रंगद्रव्याच्या शाईचे बारीक तुषार सोडून छापलेल्या; हे नाव १९९१ साली अमेरिकेत रूढ झाले. काही तर जपानी परंपरेप्रमाणे लाकडी ठशांवरून हाताने काढलेल्या. कागद कापसाच्या धाग्याचा, प्रती मोजक्या, आणि कडेला ती आकड्याची नि स्वाक्षरीची पट्टी. पट्टी ही चित्राची जन्मपत्रिका होय; ती कापू नये हा पहिला धडा आम्ही फार महाग शिकलो.

बाकीचे नियम थोडक्यात सांगतो.

चित्रास हात लावण्यापूर्वी हात धुवून कोरडे करावेत, आणि दोन्ही बाजूंच्या कडांना आधार देऊन ते उचलावे. उन्हाच्या खिडकीसमोर कधीही टांगू नये. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि रोजचे थोडे थोडे नुकसान साचत जाते. तसबिरीची काच चित्रास थेट टेकू देऊ नये. मध्ये जाड कागदाची चौकट ठेवावी, नाहीतर दमट हवेत चित्र काचेस चिकटते. पाठीस साधा पुठ्ठा वा हार्डबोर्ड लावू नये. त्यातील आम्ल चित्रात उतरून कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. आम्लरहित पुठ्ठा मागून घ्यावा.

डिंक, सेलोटेप आणि लॅमिनेशन हे तीन शत्रू आहेत. विशेषतः लॅमिनेशन. आपल्याकडे मौल्यवान कागद दिसला की तो प्लॅस्टिकमध्ये शिजवून आणण्याची चाल पडली आहे. ते पुन्हा सुटत नाही, आणि संग्राहकाच्या लेखी ते चित्र संपले. तसबिरीत बसविताना वरच्या कडेस पातळ जपानी कागदाचे दोन तुकडे गव्हाच्या खळीने लावून चित्र लोंबते ठेवावे. ती खळ पाण्याने सुटते. जे काम उलटविता येते तेच करावे, हा या विद्येचा मूलमंत्र आहे.

न टांगलेली चित्रे नळीत गुंडाळून वर्षानुवर्षे ठेवू नयेत. नळी प्रवासापुरती, घरी ती सपाट ठेवावीत. पीव्हीसीच्या पिशव्यांतून कालांतराने चिकट द्रव्य सुटते, म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या वा पॉलिएस्टरच्या पिशव्या घ्याव्यात. हवेतील दमटपणा शेकडा पन्नासाच्या आसपास असावा असे जाणकार सांगतात. आमच्या कोकणात पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर जातो. तेव्हा कपाट बाहेरच्या भिंतीस टेकवू नये, जमिनीपासून वीतभर उंच असावे, आणि कसर नि वाळवी यांसाठी पावसाळ्यात उघडीप मिळताच ते तपासावे. ओल दिसली म्हणून चित्र उन्हात मात्र घालू नये. सावलीत, हवेशीर जागी सुकवावे.

शेवटचा नियम वहीचा. कोणते चित्र, कोणाचे, केव्हा, कोठून घेतले, किती किंमत पडली, ते लिहून ठेवावे आणि प्रमाणपत्र सोबत ठेवावे. वहीवाचून संग्रह म्हणजे नावावाचून माणसे.

तरुणांसही दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. किंमत वाढेल या आशेने, कर्ज काढून, चित्रे घेऊ नका. ‘मर्यादित प्रती’ हे शब्द विक्रेत्याच्या तोंडी फार स्वस्त झाले आहेत. प्रती किती, कोणी छापल्या, चित्रकारास मोबदला मिळतो की नाही, याची चौकशी करा. चोरून छापलेली नक्कल स्वस्त म्हणून घेऊ नका. दहा चित्रे घेऊन नळीतच कुजविण्यापेक्षा एक घेऊन नीट राखणे यात अधिक रसिकता आहे.

आता वडीलधाऱ्यांस. आपण या मुलांस हसतो. पण आपण काय राखले? १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीस गेला आणि १९७२ साली आगीत भस्मसात झाला. त्या छापखान्याची लक्ष्मी आणि सरस्वती आमच्या आजोबांच्या माजघरात होती; आजीने लक्ष्मीच्या पदरास जर चिकटविली होती. घर दुरुस्तीस काढले तेव्हा आम्हीच त्या तसबिरी पडवीत ठेवल्या. एका पावसाळ्यात वाळवीने लक्ष्मीचे केवळ मुखकमल शिल्लक ठेवले. त्या वेळी आम्हांस काहीच वाटले नाही. चिरंजीवांची पट्टी कापली तेव्हा ती लक्ष्मी आठवली.

आपल्या संस्थेच्या जुन्या स्मरणिका पाहा. टाचण्या गंजून पाने तांबडी झाली आहेत; कित्येक वर्षांचे अंक एकाही घरी मिळत नाहीत. जुन्या समूहछायाचित्रांत पहिल्या रांगेत बसलेल्या थोर मंडळींची नावे सांगणारे आता दोघेतिघेच उरले आहेत. म्हणून आमची कार्यकारी मंडळास नम्र सूचना अशी, की संस्थेच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आणि एक वही या कामासाठी राखावी, आणि ते काम ज्ञातीतील अशा ‘नादी’ तरुणांवर सोपवावे. कागद कसा राखावा हे त्यांना आपल्याहून चांगले कळते. कपाटाच्या खर्चापोटी आमची अल्पशी रक्कम आज आम्ही खजिनदारांकडे दिली आहे.

ते कापलेले चित्र आमच्या बैठकीत अजून टांगलेले आहे. खिडकीसमोरून काढून आतल्या भिंतीवर लावले आहे, एवढेच. चिरंजीवांनी ते नेले नाही. गेल्या खेपेस मात्र त्यांनी नवे आणलेले एक चित्र आमच्या हाती दिले आणि म्हणाले, “बाबा, हे तुमच्याकडेच राहू दे. तुम्हांला आता ठेवता येतं.” साऱ्या नोकरीत आम्हांस याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळालेले नाही.