कोकण रेल्वेचे कारभारी
(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हटला की वर्गणी, गवंडी, सुतार, हिशेब आणि मुहूर्त या पाच गोष्टी आल्याच. या पाचांना एका सूत्रात बांधणारा कारभारी नसेल, तर पैसा असूनही कळस चढत नाही. अशा कारभाराचा थोर दाखला शोधण्यास महाड-पोलादपूरकरांना लांब जावे लागत नाही. गणपतीला येणारा चाकरमानी ज्या वीर, करंजाडी, विन्हेरे स्टेशनांवर उतरतो, तीच स्टेशने तो दाखला होय.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांनी तिचा सतत पाठपुरावा केला. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि सेवानिवृत्त झालेल्या ई. श्रीधरन यांच्या हाती त्याची सूत्रे आली. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्यास पायाभरणी झाली. भांडवलात रेल्वेखात्याचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा मोठा पैसा रोखे काढून लोकांकडून उभारला. तीही एक प्रकारची वर्गणीच! मात्र ती व्याजासह फेडावयाची होती. म्हणून प्रत्येक दिवसाचा उशीर व्याजाच्या रूपाने अंगावर येई.

श्रीधरन यांनी ७६० किलोमीटरचा मार्ग सात विभागांत वाटला. त्यांतला एक महाडचा. प्रत्येक विभागावर मुख्य अभियंता नेमून जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा त्याला दिली. कामाच्या ठिकाणी उलटी घड्याळे लावली. किती दिवस गेले हे नव्हे, तर किती उरले हे ती दाखवीत.

परंतु घाईलाही मर्यादा होती. रूळ टाकले म्हणून गाडी सोडता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे सुरक्षा आयुक्ताने पाहणी करून अहवाल दिल्यावाचून नव्या मार्गावर उतारू नेता येत नाहीत. हा आयुक्त रेल्वेखात्याच्या हाताखालचा नव्हे. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. बांधणारा आणि पारखणारा एकच असू नये, हे त्यातले शहाणपण. काँक्रीट एकदा ओतले की आतली सळई दिसत नाही. म्हणून तिची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी लागते. अशा कामाच्या कारभाऱ्याला दगड जितका सांभाळावा लागतो तितकाच कागदही.

जून १९९३ मध्ये रोहा ते वीर गाडी धावली. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मात्र ओली माती पुन्हा पुन्हा ढासळली. सबंध मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. या कामात अनेक कामगारांनी प्राण वेचले. त्यांचे स्मरण केल्यावाचून हा यशाचा हिशेब पुरा होत नाही.

आणि उद्घाटनाने काम संपले असेही नाही. १६ जून २००४ रोजी याच तालुक्यात, करंजाडीजवळ, दरडीच्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेसला भीषण अपघात झाला व प्रवासी मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या वर्षी वैभववाडीजवळही दरडीनेच घात केला होता. त्यानंतर डोंगरउतार सौम्य करणे, जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गस्त वाढविणे, गाडीचा वेग कमी ठेवणे हे उपाय नेटाने झाले. डोंगर कसा उतरतो हे २००५ साली दासगाव-जुईने आणि २०२१ साली तळियेने पाहिले आहे; येथे अधिक सांगणे नलगे.

मंदिराचेही तसेच आहे. कळस चढला, पंगती उठल्या, आता सारे झाले असे कोणी समजू नये. दर वैशाखात पन्हळी साफ व्हाव्यात, मागच्या बांधातून पाणी वाहून जाते का हे पाहावे, भिंतीची चीर दिसताच वहीत टिपावी; आणि पाहणारा माणूस बांधकाम समितीतला नसावा. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेलीच आहेत. वास्तू उभी राहील, ती मात्र या वहीच्या बळावर.